चार कोंबड्यांची वही: कोण घालतंय, कोण नुसतं खातंय

सध्याची परिस्थिती अशी: पांढरी नियमित अंडी देतेय. काळी खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने, अंडी घालायच्या पेटीत ठाण मांडून बसली आहे. थोरल्या तांबडीची पिसं झडायला लागली आहेत. राहिली धाकटी तांबडी. ती खाते-पिते, सगळ्यांच्या आधी खुराड्याबाहेर पळते, पण अंडं देते की नाही याची मला शंका होती. ती शंका फेडण्यातच गेला काळ गेला, त्यामुळे या वेळच्या नोंदी बहुतेक तिच्याच.

ओळख थोडक्यात. पांढरी व्हाइट लेगहॉर्न, दोघी तांबड्या ऱ्होड आयलंड रेड, काळी ऑस्ट्रेलॉर्प. प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचं कडं. कोंबडा नाही. अंडं घालायला त्याची गरज नसते आणि पहाटेच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी वाद घालायची हौस मला नाही.

रोजची अंडी मोजून वहीत आकडा टाकणं मी आता बंद केलंय. हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये टक्केवारीला अर्थ असतो. चार कोंबड्यांत एक थांबली की थेट 25 टक्के गेले, आणि ती कशामुळे थांबली हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून वहीत आता दर कोंबडीला एक पान आहे.

पांढरीचं पान सोपं, कारण पांढरं अंडं फक्त तिचंच. बाकी तिघींची अंडी तपकिरी. सुरुवातीला वाटतं की छटेवरून ओळखू, पण तिच्यावर फार विसंबण्यात अर्थ नाही. तपकिरी रंग कवच तयार होताना शेवटच्या टप्प्यात वरून चढतो (अंडं फोडून पाहा, कवच आतून पांढरंच असतं). कोंबडी बिचकली, उन्हाने हैराण झाली, किंवा बरेच महिने सलग घालत राहिली, तरी तो रंग फिका पडतो. एकाच कोंबडीची दोन अंडी शेजारी ठेवली तर दोघींची वाटतात.

वेळ जास्त कामाची. एक अंडं तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात आणि त्यातले 18 ते 20 तास एकट्या कवचावर जातात. म्हणजे आज सकाळी सातला घातलं तर उद्या आठच्या सुमारास, परवा आणखी उशिरा. असं सरकत सरकत वेळ दुपारकडे गेली की एक दिवस खाडा पडतो आणि पुन्हा भल्या सकाळपासून सुरुवात. वेळा टिपल्या की प्रत्येकीची ही घसरण वेगळी दिसायला लागते. माझ्या टिपणात तपकिरी अंड्यांच्या दोनच रांगा जुळत होत्या, तिसरी कुठे नव्हतीच. काळी तेव्हा खुडूक झालेली नव्हती आणि पेटीत जाताना-येताना ती दिसायची, त्यामुळे बोट तांबड्यांकडेच वळत होतं.

मग हाताने तपासणी. रात्री दांडीवर बसल्यावर कोंबडी शांत असते, तेव्हा उचलायची. शेपटीखाली दोन बारीक हाडांची टोकं हाताला लागतात. घालणाऱ्या कोंबडीत त्या टोकांमध्ये दोन-तीन बोटं सहज मावतात. थांबलेलीत जेमतेम एक. गुदद्वारही बघावं. घालती असेल तर ते मोठं, ओलसर, फिकट. थांबली असेल तर लहान, कोरडं, आवळलेलं.

आणि मला सगळ्यात जास्त आवडणारी खूण म्हणजे पिवळेपणा. मका आणि हिरव्या पाल्यातलं पिवळं रंगद्रव्य एरवी कातडीत साठतं. अंडी सुरू झाली की ते बलकाकडे वळतं आणि अंगावरचा पिवळा रंग ठरलेल्या क्रमाने उतरतो: आधी गुदद्वाराभोवती, मग डोळ्याची कड, मग चोच मुळाकडून टोकाकडे, आणि सर्वांत शेवटी पाय. पाय पांढुरके पडायला काही महिने जातात. घालणं थांबलं की रंग त्याच क्रमाने परत चढतो, पण जरा लवकर. म्हणजे पाय फिके आणि गुदद्वार पिवळं असेल तर कोंबडी बरेच महिने घालत होती आणि नुकतीच थांबली आहे. धाकट्या तांबडीचं चित्र अगदी हेच. काळीला मात्र ही परीक्षा लागू नाही. ऑस्ट्रेलॉर्पची कातडी पांढरी आणि पाय काळपट, तिथे पिवळं उतरणार काय आणि चढणार काय. तिच्यासाठी हाडंच मोजायची.

पक्कं करायला आणखी एक उपाय: संशयितेच्या गुदद्वाराला खाण्याच्या रंगाचा थेंब लावायचा. तिने घातलेल्या अंड्यावर रेघ उमटते. एकाही तपकिरी अंड्यावर रेघ आली नाही.

आता कारण. धाकटीची पिसं झडत नव्हती, खुडूक नव्हती, खाणं व्यवस्थित. तुरा मात्र नेहमीपेक्षा फिका. इथे मी बॅटरी घेऊन रात्री खुराड्यात गेलो. दिवसा खुराडं कितीही स्वच्छ दिसो, लाल माइट (रक्त पिणारे बारीक किडे) दिवसा कोंबडीवर राहतच नाहीत. फटीत, दांडीच्या टोकाखाली, खिळ्यांच्या आसपास लपतात आणि अंधारात वर येऊन रक्त पितात. दांडीच्या खालच्या बाजूने पांढरा कागद फिरवला की रक्ताच्या बारीक रेघा उठतात. धाकटी बसायची ती भिंतीलगतच्या कोपऱ्यात, आणि नेमका तिथेच अड्डा होता. पांढरी मधोमध बसते म्हणून तिला त्रास कमी झाला असावा, हा माझा अंदाज.

दांड्या काढून उकळतं पाणी ओतलं, उन्हात कडक वाळवल्या, खाचा भरून घेतल्या, तळाची जुनी भुशाची गादी पूर्ण बाहेर काढली. मग पशुवैद्यकांनी सांगितलेलं औषध. महत्त्वाचं म्हणजे आठवड्याने हे सगळं परत करायचं, कारण उबेत या माइटची पुढची पिढी सात ते दहा दिवसांत तयार होते. खुराडं रिकामं ठेवून ते मरतील या आशेवर राहू नका, उपाशीपोटी ते महिनोन्महिने तग धरतात. औषधाच्या काळात अंडी खायची की नाही, किती दिवस टाळायची, हे औषध घेतानाच विचारून घ्यावं. तुऱ्याला आता लाली परत आलीय. अंडं अजून नाही, पण हाडांमधलं अंतर वाढतंय.

काळीचं खुडूकपण वेगळं प्रकरण. दिवसभर पेटीत, जवळ गेलं की फुगून गुरगुरते, पोटाखालची पिसं उपटलेली, दिवसातून एकदा उठून भलीमोठी घाण वासाची शीट टाकते. 21 दिवस बसली तरी कोंबड्याविना पिल्लू निघणार नाही, आणि हिला दिवस मोजता येत नाहीत, त्यामुळे पुढेही बसून राहील. शिवाय पेटी अडते, दुसऱ्या तिच्या अंगावर चढून घालतात, अंडी फुटतात, आणि फुटलेल्या अंड्याची चव एकदा लागली की ती खोड मोडणं अवघड. म्हणून तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवलंय, जमिनीपासून उंच, आत खाद्य-पाणी आहे पण गवताची काडीही नाही. पोटाला खालून वारा लागला की ऊब जाते आणि डोक्यातलं भूत उतरतं. जितक्या लवकर पिंजऱ्यात टाकाल तितकी लवकर सुटते. पाण्याच्या बादलीत बुडवून काढायचा सल्ला अजूनही दिला जातो. मला तो क्रूर वाटतो आणि अनावश्यकही.

थोरलीची पीसझड चांगली चाललीय, म्हणजे दिसायला भयानक. डोकं-मान आधी, मग छाती, शेवटी शेपटी. पंखांची मोठी पिसं तिने एकदम गाळली. हे चांगलं लक्षण, कारण एकेक पीस सावकाश गाळणाऱ्या कोंबड्या महिनोन्महिने अडकून राहतात. पिसांचा 80 टक्क्यांहून जास्त भाग प्रथिनांचा, तेव्हा या काळात खाद्यातलं प्रथिन 16 टक्क्यांवरून 18-20 पर्यंत नेलंय. नव्या पिसांची कोंबं फुटताना अंगाला हात लावलेला तिला खपत नाही, म्हणून तपासणी बंद. दिवस लहान झालेत, रोज 14 ते 16 तास उजेड मिळाला तर अंडी चालू राहतात हे खरं, पण मी दिवा लावणार नाही. चार कोंबड्यांकडून ती वसुली कशाला?

पांढरीच्या पानावर एकच नोंद: उन्हाच्या दिवसांत कवच पातळ झालं. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून गार होते, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. वर उन्हात खाणंही घटतं. एका कवचात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते बहुतांश रात्री चढतं. त्यामुळे शिंपल्यांचा चुरा जाडसर हवा, वेगळ्या भांड्यात, आणि संध्याकाळी समोर असावा. जाड तुकडे पोटात रात्रभर हळूहळू विरघळतात, बारीक पूड लवकर निघून जाते. पाणी सावलीत हलवलं, दोनदा बदललं. कवच सुधारलं, यातलं कशामुळे ते सांगता येणार नाही.

वास आणि उंदीर यांवर एकेक ओळ पुरे. ओली जागा दिसली की लगेच कोरडा भुसा, रात्री खाद्याचं भांडं घरात. कोंबड्यांची जाळी कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर नाही. त्यासाठी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, तीही जमिनीत वाकवून पुरलेली.

पुढे दोन तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, आणायचा विचार आहे. एक आणली तर तिला तिघी-चौघी मिळून टोचतात, दोन असल्या की मार वाटला जातो. लसीकरण झालेल्याच घेणार, राणीखेत आणि मरेक या दोन्ही रोगांचं. आधी महिनाभर वेगळ्या खुराड्यात, वेगळ्या भांड्यांसह, आणि काम करताना आधी जुन्यांचं, मग नव्यांचं. पण काळी पिंजऱ्यातून बाहेर आल्याशिवाय आणि दांड्यांखालचा कागद सलग कोरा निघाल्याशिवाय काहीही आणायचं नाही. सापळ्याची पेटी, म्हणजे कोंबडी आत गेली की दार पडतं ती, बनवायची होती. ती रद्द केली. उन्हात कोंडलेली कोंबडी सोडवायला दिवसभर कुणीतरी घरी हवं. थेंबभर रंगात तेच काम होतं.