तुम्ही विचारलंत म्हणून: ही रानातली भूछत्रं दुसरीकडे लावता येत नाहीत का?

भारतातून कुणी आलं की मी त्यांना इथे वेल्समधल्या कार्डिफमध्ये लॅनिशेनच्या तलावावर नेते. ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर बंधाऱ्याच्या उतारावर आखूड गवतात लाल, पिवळी, हिरवट भूछत्रं उगवलेली असतात. यांच्यासाठी हा उतार कायद्याने राखलाय, असं सांगितलं की प्रश्न ठरलेला: "मग उचलून दुसरीकडे लावत का नाहीत?"

नाही लावता येत. वर दिसतं ते नुसतं फळ; खरी बुरशी मातीत, तंतूंच्या रूपात पसरलेली असते. हाताला मेणचट लागते म्हणून तिला वॅक्सकॅप, म्हणजे मेणटोपी, म्हणतात. प्रयोगशाळेत ती वाढवता येत नाही. आसपासच्या झाडझाडोऱ्याशी तिचं जिवंत देणंघेणं असावं, असं संशोधकांना वाटतं. आपल्या कोकणातली वारुळावरची अळंबी आठवा. वाळवी आहे तोवर ती आहे. बटण मशरूमसारखी ती पिशवीत पिकत नाही, म्हणून तर तिची जागा ठाऊक असलेला माणूस ती सहसा कुणाला सांगत नाही.

वॅक्सकॅपला जुनी, कसरहित माती लागते. हे बंधारे 1880च्या दशकातले. तिथे नांगर फिरला नाही, खत पडलं नाही. बाकीच्या देशात काय झालं? इंग्लंड आणि वेल्समधली फुलझाडांनी भरलेली जुनी कुरणं 1930च्या दशकापासून पन्नासेक वर्षांत 97 टक्के संपली. नांगरली, खत घालून हिरवीगार केली. खताने गवत माजतं, खालचं शेवाळ गुदमरतं आणि वॅक्सकॅप येणं थांबतं. मातीत बसलेलं फॉस्फरस तर लवकर निघतच नाही. चांगल्या मनाने लावलेली झाडंसुद्धा अशी जागा संपवतात, हे लोकांना पटवणं मला सगळ्यात जड जातं.

आमच्या घराजवळच्या एका जुन्या दफनभूमीत एका नोव्हेंबरात मी गुलाबी वॅक्सकॅपची अकरा छत्रं मोजली होती. जगभरातच धोक्यात आलेली ही जात. गुडघे टेकून जवळून पाहिलं तर टोपी आधी टोकदार, पेन्सिलीला टोक काढल्यासारखी. मग कडा चिरत जातात आणि वर उचलल्या जातात. घागरा घालून गिरकी घेतल्यासारखी दिसते, म्हणून इथे तिला बॅलेरिनाही म्हणतात. पुढच्या वसंतात हिरवळ छान दिसावी म्हणून कुणीतरी तिथे खताचे दाणे फेकले. त्यानंतर चार वर्षं मी दर शरदात जातेय. एकही उगवलेली नाही. अजूनही त्या कोपऱ्यात गेलं की माझी नजर आधी खालीच जाते.

लॅनिशेनचं नशीब बरं. तिथे घरं बांधायचा घाट होता, 2010मध्ये तलाव रिकामाही केला गेला. आसपासचे लोक वर्षानुवर्षं लढले. 2023मध्ये तलाव पुन्हा भरून लोकांसाठी खुला झाला, उतार शाबूत राहिले.

तेव्हा जपायचं म्हणजे काय करायचं? गवत कापायचं आणि कापलेलं तिथेच न टाकता उचलून न्यायचं, म्हणजे ते कुजून मातीला खत होत नाही. मग छत्रं यायच्या दिवसांत यंत्र बंद ठेवायचं. पुढच्या वेळी ऑगस्टमध्ये आलात तर दाताळं हातात देईन. उतारावर पाय घसरतो, चांगले बूट आणा.