जुन्या सुमोचा हायड्रॉलिक क्लच : चाल मोजणे आणि एअर काढणे

पावसाळाभर शेडमध्ये उभी असलेली माझी नव्वदच्या दशकातली सुमो बाहेर काढली, तेव्हा क्लचचे पेडल तळापर्यंत दाबूनही रिव्हर्स गिअर खरखरल्याशिवाय पडत नव्हता. या गिअरबॉक्समध्ये पुढच्या गिअरांना सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्या) आहेत, रिव्हर्सला नाही. त्यामुळे क्लच पुरता सुटत नसेल तर त्याची पहिली तक्रार रिव्हर्सकडूनच येते. पेडल लागोपाठ दोन-तीनदा पंप केले की मात्र गिअर विनातक्रार पडत असे, आणि निदानाच्या दृष्टीने ही खूण फार मोलाची आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट किंवा रिलीज बेअरिंग गेले असेल, तर पंप करून सहसा काही फरक पडत नाही. फरक पडतो, याचा अर्थ दोष बहुधा ऑइलच्या मार्गात आहे.

गॅरेजमध्ये गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला मिळाला होता. तो खर्च करण्याआधी लोअरच्या, म्हणजे बेल हाउसिंगवरच्या (क्लचच्या आवरणावरच्या) आणि पेडलकडून आलेल्या ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरच्या, दांडीची चाल मोजलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. गाडीखाली जाऊन दांडीला समांतर स्टीलची पट्टी धरायची आणि आत बसलेल्याला पेडल सावकाश दाबायला सांगायचे, एवढेच हे काम आहे. माझ्या गाडीत पहिल्या दाबाला दांडी जेमतेम ९ मि.मी. सरकली आणि पंप केल्यावर १५ मि.मी.च्या पुढे गेली.

असा फरक ऑइलच्या मार्गात शिरलेल्या हवेने पडतो; तो किती हवेमुळे पडतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. उदाहरणादाखल अपरचा (पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचा) बोअर, म्हणजे आतल्या पोकळीचा व्यास, १९ मि.मी. आणि लोअरचा २२ मि.मी. धरला, तर अपरचा पिस्टन २५ मि.मी. सरकल्यावर लोअरचा पिस्टन सुमारे १८.५ मि.मी. सरकायला हवा. २२ मि.मी. बोअरचे क्षेत्रफळ सुमारे ३८० चौ.मि.मी. भरते, म्हणजे १ घन सें.मी. हवा दाबली जाताना दांडीची सुमारे २.६ मि.मी. चाल खाऊन टाकते. तीन-चार घन सें.मी. हवेने क्लच निकामी वाटू लागतो, तो यामुळेच.

हवा आत आली कुठून, हे शोधल्याशिवाय ती काढण्यात अर्थ नव्हता. मोकळ्या, सपाट जागी इंजिन चालू ठेवून, पहिला गिअर टाकून पेडल दाबून धरले. अशा वेळी गाडी हळूहळू पुढे सरकू लागली, तर अपरच्या आतला सील ऑइल मागे सोडत असतो, आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. माझी गाडी जागची हलली नाही. मग लोअरचे रबरी बूट मागे सारले, तेव्हा आत तपकिरी ओल दिसली. लोअर उघडल्यावर पिस्टन ज्या पट्ट्यात विसावतो तिथेच बोअरला गंजाचे बारीक खड्डे पडलेले आढळले. डोळ्यांना ते नुसते डाग वाटतात, पण नख फिरवले की अडकते. क्लचमध्येही वापरले जाणारे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि क्लचच्या नळीत ते फिरत नसल्याने लोअरमध्ये तेच ते ऑइल वर्षानुवर्षे राहते. अशा बोअरवर सील दाबाखाली कसाबसा तग धरतो, मात्र पेडल झटकन सुटताना खड्ड्यांवाटे हवा आत ओढली जाऊ शकते. नखाला खड्डा लागला की नुसते किट (सीलचा संच) बदलण्याच्या फंदात पडू नये. मी लोअर पूर्ण नवा घेतला.

एअर काढताना नेहमीची रीत आधी वापरली : पेडल दाबायचे, निपल (लोअरवरची हवा सोडण्याची तोटी) उघडायचे, बंद करायचे आणि मगच पेडल सोडायचे. क्लचच्या बाबतीत ही रीत पुष्कळदा अपुरी पडते, कारण एका दाबात सरकणारे ऑइल थोडे असते आणि त्याने खाली ढकललेला बुडबुडा पेडल सुटेपर्यंत पुन्हा नळीत वर चढतो. हवेला वर जायचेच आहे, तर तिला वरच जाऊ द्यावे, हे अधिक सोपे. अपरला ऑइल पुरवणाऱ्या डबीतले जुने ऑइल आधी बरेचसे काढून घेतले, आजूबाजूच्या रंगावर ओले फडके अंथरले (हे ऑइल रंग सोलून काढते), मोठ्या सिरिंजला पारदर्शक नळी लावून तिच्यातली हवा बाहेर सोडली आणि निपलमधून नवे डॉट ३ दर्जाचे ब्रेक ऑइल अगदी संथपणे वर चढवले. डबीच्या तळाच्या छिद्रातून मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक येत राहिले आणि मग थांबले. निपल लोअरच्या सर्वांत उंच जागी आहे की नाही, हे अवश्य पाहावे. नसेल तर लोअरचे बोल्ट सोडून तो तिरपा धरावा, पण पिस्टन बाहेर पडणार नाही अशा बेताने. डबीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल कधीही घालू नये, कारण खनिज तेलाने ब्रेक ऑइलसाठीचे सील फुगतात.

शेवटी अपरची दांडी आणि पिस्टन यांच्यातली किंचित मोकळीक तपासली. क्लच सुटावा म्हणून ही मोकळीक कित्येकदा संपवून टाकली जाते. तसे केल्यास पेडल सोडल्यावरही डबीकडे जाणारे छिद्र झाकलेले राहते, इंजिनच्या उष्णतेने फुगलेल्या ऑइलला परत जायला वाट उरत नाही आणि क्लच स्लिप होऊ (घसरू) लागतो.

आता पहिल्याच दाबाला दांडी १७ मि.मी. सरकते, थंड इंजिनवर आणि घाटातून आल्यावरही, आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो. डबीवर ऑइलच्या पातळीची खूण करून ठेवली आहे. लोअरला मोकळी चाल ठेवावी न लागणाऱ्या रचनेत प्लेट झिजत जाते तसा लोअरचा पिस्टन आत ढकलला जातो आणि डबीतली पातळी किंचित वाढते. म्हणून ती उतरलेली दिसली तर झिजेचे कारण न मानता सरळ गळती शोधायची. रबरी होज अजून जुनाच आहे. पेडल दाबताना तो हाताला फुगल्यासारखा लागत नाही, पण टोकाशी बारीक भेगा दिसत असल्याने पुढचे काम त्याचेच आहे.