ओस्लोत सोफीला भेटून आले

ओस्लोच्या बंदराजवळ करड्या दगडाची लांबलचक इमारत आहे. नॉर्वेचं हे राष्ट्रीय संग्रहालय २०२२ मध्ये खुलं झालं. तिथे एडवर्ड मुंकची चित्रं आहेत आणि गर्दी अर्थातच 'द स्क्रीम'समोर. मी मात्र सोफीसाठी गेले होते.

सोफी म्हणजे मुंकची थोरली बहीण, त्याच्याहून जेमतेम वर्ष-दोन वर्षांनी मोठी. १८६८ मध्ये आई क्षयाने गेली. मुलं मावशीने, कारेनने, सांभाळली. १८७७ मध्ये त्याच रोगाने पंधरा वर्षांच्या सोफीलाही नेलं.

'आजारी मूल' (१८८५-८६) मी पुस्तकांत कितीदा पाहिलं होतं. पण ओरखडे जवळ गेल्यावरच दिसतात. थरावर थर चढवलेला रंग त्याने पुन्हा खरवडून काढलाय. उशीला टेकलेली सोफी, तिचे लालसर केस, शेजारी मान खाली घातलेली मावशी. दोघींचे हात जुळलेत तिथे बोटं ओळखूच येत नाहीत, नुसता रंगाचा गोळा. १८८६ च्या प्रदर्शनात लोकांनी या चित्राची खिल्ली उडवली. मला वाटतं, हात नीट रेखले असते तर ते वेगवेगळे दिसले असते.

खरी थबकले ते 'रोग्याच्या खोलीतला मृत्यू'पाशी. हे १८९३ चं. सोफीची खुर्ची पाठमोरी, ती जवळजवळ दिसतच नाही. वडील प्रार्थना करताहेत, मावशी खुर्चीशी उभी. पुढे धाकटी बहीण लॉरा हात गुंफून, खाली बघत बसलीय. एडवर्डने तोंड फिरवलंय, डावीकडे भिंतीशी धाकटा भाऊ आंद्रेआस. एकटी दुसरी धाकटी बहीण, इंगर, थेट आपल्याकडे बघते. सोफी गेली तेव्हा ही इंगर नऊ वर्षांची होती, चित्रात ती पंचविशीतली बाई आहे! सगळीच भावंडं १८९३ च्या वयाची. वडील तर १८८९ मध्येच वारले होते, तरी तेही हजर आहेत. कोणी कोणाला बिलगलेलं नाही, एकमेकांकडे बघतही नाही, पण इतक्या वर्षांत त्या खोलीतून कोणीच बाहेर पडलेलं नाही. भावंडांचं नातं इतकं खरं मी दुसऱ्या कुठल्या चित्रात पाहिलं नाही.

'आजारी मूल' त्याने पुढे चाळीस वर्षांत आणखी पाचदा रंगवलं. त्यातलं एक लंडनच्या टेटच्या संग्रहात आहे. तिथे राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला लगेच मेसेज केला: सध्या लावलंय का बघ, आणि लावलं असेल तर अगदी जवळ जाऊन बघ.