चीज प्लॅटर, आठ पाहुणे: वजनाच्या हिशेबापासून उरलेल्या तुकड्यांपर्यंत

हा प्लॅटर, म्हणजे बोर्डावर मांडलेली निरनिराळी चीज, जेवणाआधीचा, म्हणून माणशी ४५ ग्रॅम चीज धरले. जेवणाऐवजी हेच असते तर ८० ते १०० ग्रॅम लागते. एकूण ३६० ग्रॅमची वाटणी अशी: ब्री (पांढऱ्या सालीचे मऊ चीज) १२५, जुने गूडा (मुरलेले कडक चीज) १००, शेळीच्या दुधाचे ताजे चीज ७५, ब्लू चीज (निळ्या बुरशीच्या रेषांचे) ६०. ब्लू मुद्दाम कमी, कारण ते चवीपुरतेच घेतले जाते. सात-आठ प्रकार मांडायचा मोह टाळलेलाच बरा. वजन तेवढेच ठेवून प्रकार वाढवले की तुकडे लहान होतात, कडा भराभर सुकतात आणि एकही चव नीट लक्षात राहत नाही.

शाकाहारी पाहुणे असतील तर वेष्टनावर रेनेट (दूध गोठवणारा घटक, तो प्राण्यांपासूनही मिळतो) कोणते ते आधी वाचा. पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन कडक चीज वासराच्या रेनेटनेच बनते, म्हणून ते यादीतून बाद. गरोदर पाहुणीने ब्री आणि ब्लू टाळावे, लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो. तिच्यासाठी गूडा वेगळ्या सुरीने कापून वेगळ्या बशीत.

ब्री घेताना मधोमध हलके दाबून पाहा. कडेला मऊ आणि मध्ये टणक लागले तर ते अजून कच्चे आहे. ब्री बाहेरून आत पिकत जाते, त्यामुळे कापल्यावर मधोमध खडूसारखा पांढरा पट्टा दिसतो. चव आंबट लागते, पण फेकायचे कारण नाही.

बाकी सगळी बाजी तापमानावर. थंड चीजमधली चरबी घट्ट असते, वास सुटत नाही, चव सपक लागते. ब्री आणि गूडा वाढण्याच्या तासभर आधी बाहेर, ब्लू ४५ मिनिटे, ताजे चीज ३० मिनिटे. वर ओलसर, घट्ट पिळलेले फडके झाकायचे, नाहीतर कडा कडक होतात. खोली २५ अंशांच्या वर असेल तर या वेळा निम्म्या करा. तरीही गूडावर तेलाचे थेंब आले तर कागदाने टिपून घ्या.

कापायचे मात्र थंड असतानाच, विशेषतः ताजे चीज आणि ब्लू. ताज्या चीजच्या लांबट गोळ्याला सुरी लावली की तो चिरडतो. बिनवासाचा, मेण नसलेला डेंटल फ्लॉस ताणून खाली ओढला की चकत्या स्वच्छ पडतात. ब्रीच्या त्रिकोणी फाकीचे टोक आडवे छाटू नका. पिकलेला मऊ गाभा तिथेच असतो आणि मागच्यांच्या वाट्याला नुसती साल उरते. टोकापासून सालीपर्यंत उभ्या फाकी काढा. ब्लूचेही तसेच, पातळ कडेच्या मध्यबिंदूपासून पंख्यासारखे कापायचे, म्हणजे निळ्या रेषा सगळ्यांना सारख्या मिळतात. ब्रीची साल खायची, गूडाचे मेण काढून टाकायचे. जुने गूडा पातळ कापण्यापेक्षा टोकदार सुरीने फोडावे. त्यातले पांढरे कण अमिनो आम्लाचे स्फटिक आहेत, बुरशी नव्हे.

मांडणीत सौम्य ते तीव्र असा क्रम: ताजे चीज, ब्री, गूडा, ब्लू. प्रत्येकाला स्वतंत्र सुरी, नाहीतर ब्लूची चव सगळीकडे पसरते. द्राक्षे धुऊन पूर्ण कोरडी करा. सफरचंदाच्या फोडी कपभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घालून बुडवा, मग पुसा. ओली फळे क्रॅकर्सना टेकली की पाच-दहा मिनिटांत क्रॅकर्स मऊ पडतात, म्हणून ते सरळ वेगळ्या वाडग्यात. अक्रोड १६० अंशांवर ८ ते १० मिनिटे भाजून पूर्ण गार झाल्यावरच बोर्डावर. मध ब्लूच्या शेजारी वाटीत, त्यावर ओतायचा नाही.

दोन तासांनी बोर्ड उचला. बोर्डावर उरलेले मऊ चीज टाकून द्या. गूडा बटर पेपरमध्ये गुंडाळून सैल झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रिजमध्येच राहिलेली, न कापलेली ब्री असेल तर तिलाही बटर पेपरच. घट्ट प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि सालीला अमोनियाचा उग्र वास येतो.