काजूचं पान, चांदीचे कण

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की अकरावी-बारावीची मुलं विचारायला लागतात, "टीचर, यंदा नॅनोचं काहीतरी करूया?" फोंड्याजवळच्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे मोठी यंत्रं नाहीत. पण झाडाच्या पानांपासून चांदीचे नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, करायचा प्रयोग साध्या प्रयोगशाळेतही होतो, आणि गोव्यात काजूच्या पानांना तोटा नाही.

पानं धुवायची, बारीक चिरायची, ऊर्ध्वपातित पाण्यात थोडा वेळ उकळून काढा गाळून घ्यायचा. दुसऱ्या चंचुपात्रात सिल्व्हर नायट्रेटचं अगदी पातळ द्रावण, लिटरमागे जेमतेम 0.17 ग्रॅम. इथे विहिरीचं पाणी चालत नाही. खाजनालगतच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांजवळच्या, विहिरींत मिठाचा अंश असतो, त्यातल्या क्लोराइडमुळे द्रावण लगेच दुधाळ होतं आणि चांदी तिथेच अडकते. द्रावण स्वच्छ असेल तर त्यात काढा घालायचा आणि वाट पाहायची. आधी काहीच दिसत नाही. मग कडेने पिवळी झाक येते, ती गडद होत जाते, आणि शेवटी कोऱ्या चहासारखा तपकिरी रंग उतरतो. ते थोडं पातळ करून त्यातून लेझर पॉइंटरचा किरण सोडला की त्याची वाट लख्ख दिसते. नुसत्या मिठाच्या पाण्यात ती दिसत नाही. मुलं इथे हमखास गप्प होतात.

काजूचं कोवळं पान चावून बघा, जीभ तुरट होते. ते टॅनिन. टॅनिनसारखी पॉलिफिनॉलं चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, म्हणजे आयनांचं क्षपण होतं. मोकळे झालेले चांदीचे अणू एकत्र येऊन कण होतात आणि पानातलेच काही रेणू त्या कणांभोवती बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. कण काही दहा-वीस नॅनोमीटरचे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक नॅनोमीटर. एवढ्या लहान कणांतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र डोलतात. चांदीचे कण 400 ते 450 नॅनोमीटरचा जांभळा-निळा प्रकाश शोषतात, म्हणून द्रावण पिवळं-तपकिरी दिसतं. सोन्याचे कण हिरवा प्रकाश शोषतात, म्हणून ते लाल. हा लाल रंग मायकेल फॅरेडेने 1857 मध्येच अभ्यासला होता.

वनस्पती वापरून हे करण्याचं बरंच पायाभूत काम आपल्या शेजारी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झालं. मुरली सास्त्री यांच्या गटाने कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून सोन्याचे आणि चांदीचे कण केले, गवती चहापासून सोन्याचे त्रिकोणी कण केले. दोन्ही शोधनिबंध 2004 चे. त्यानंतर जगभरात न उकळलेलं पान शोधावं लागेल, इतके निबंध आले.

मला खरं सांगायचं आहे ते इथून पुढे. पान वापरलं म्हणून सगळं आपोआप हिरवं, म्हणजे पर्यावरणाला निर्धोक, होत नाही. हायड्रॅझिनसारखं विषारी क्षपणक टळलं, हा फायदा खरा. पण तुलना नेहमी हायड्रॅझिनशीच का करायची? सोन्याचे कण करायची 1951 पासून रूढ असलेली टर्केविच पद्धत पाण्यातच चालते आणि त्यात लिंबातल्या आम्लाचा क्षार, सायट्रेट, वापरतात. पानाला स्पर्धा करायची आहे ती या पद्धतीशी, आणि तिथे ते कमी पडतं एकसारखेपणात. मार्चमधलं पान आणि जुलैमधलं पान सारखं नसतं. डोंगरावरच्या झाडाचं आणि भाटातल्या, म्हणजे बागायतीतल्या, झाडाचंही नसतं. काढा बदलला की कणांचा आकार बदलतो.

उपयोगात हाच आकार महत्त्वाचा. गर्भचाचणीच्या किंवा कोविडच्या घरगुती चाचणीच्या पट्टीवर उमटणारी लालसर रेघ पुष्कळदा सोन्याच्या नॅनोकणांची असते. कणांवर प्रतिपिंडं बसवलेली असतात, कण लहान-मोठे निघाले तर रेघेवर विश्वास ठेवता येणार नाही. पानातून आलेल्या कणांना मला जास्त आशा वाटते ती जिथे थोडा कमी-जास्त आकार खपतो तिथे: रंगाऱ्यांच्या सांडपाण्यातले रंग तोडायला उत्प्रेरक म्हणून, जिवाणू रोखणाऱ्या कापडावर, पाण्याच्या गाळणीत. टाटांनी 2009 मध्ये आणलेल्या 'स्वच्छ' गाळणीत भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवले होते. टाकाऊ तूस तिथे कामाला आलं, मला ही दिशा फार पटते.

आणि चांदी जिवाणू मारते तशी पाण्यातल्या इतर जिवांनाही सोडत नाही. आमच्या विद्यालयामागचा व्हाळ (ओढा) पुढे झुआरी नदीला मिळतो. तिथले खुबे आणि तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यातले जीव, पाणी गाळूनच जगतात. म्हणून आमच्याकडे हे द्रावण मोरीत ओतायचं नाही, हा नियम मी कडक पाळायला लावते. सगळं एका बरणीत जमा करायचं आणि त्यात मिठागरातलं जाडं मीठ घालायचं. उरलेले आयन सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसतात, मिठाने कणही एकमेकांना चिकटून बसतात. उजेडात साका हळूहळू करडा-जांभळट होतो. वरचं पाणी निवळून घ्यायचं, साका साठवायचा, पुरेसा झाला की त्यातून चांदी परत मिळवता येते. प्रदर्शनात मुलांनी ही बरणीही मांडावी, असा माझा आग्रह असतो.

यंदा पानं तोडण्याऐवजी बोंडूंचा, म्हणजे काजूच्या रसाळ फळांचा, चोथा वापरून पाहायचा आहे. रस काढून झाल्यावर भाटीवर, म्हणजे काजूची दारू गाळतात तिथे, त्याचे ढीग पडतात, आणि बोंडूत टॅनिन आहे, क जीवनसत्त्वही भरपूर आहे. दोन्ही क्षपणाला उपयोगी. सत्तरी-डिचोलीकडे कुणाची भाटी असेल तर हंगामात पिशवीभर ताजा चोथा ठेवा. पोरं येऊन घेऊन जातील. कुठल्या दिवशीचा, कुठल्या भाटातला, एवढं मात्र पिशवीवर लिहून द्या.