कंपालाच्या शाळेत अमाडिंडा: लाकूड वाळेपर्यंत थांबा

युगांडात शाळेसाठी अमाडिंडा, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य, बनवून घ्यायचा असेल, तर सुतार आणि शिकवणारा शोधण्याआधी खरेदीचा फॉर्म वाचा. आमचं सगळं तिथेच अडलं आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

नियम असा, की वस्तू त्याच सत्रात हातात आली पाहिजे, मगच पैसे. खुर्च्यांसाठी हे ठीक आहे. अमाडिंडा म्हणजे लुसांबा या तिथल्या झाडाच्या लाकडाच्या बारा पट्ट्या, केळीच्या दोन खोडांवर आडव्या मांडलेल्या. वखारवाला कितीही छातीठोकपणे ‘वाळलेलं आहे’ म्हणाला, तरी लाकूड बहुतेक वेळा ओलंच असतं. ओली पट्टी जड आणि लवचीक, म्हणून स्वर खालचा. वाळत जाते तसा स्वर चढतो, आणि बाराही पट्ट्या सारख्या चढत नाहीत. घाईने लावून दिलेलं वाद्य पुढच्या सत्रात बेसूर होतं. मग हिशेबवाले विचारतात, नवीन वाद्य इतक्यात बिघडलं कसं? हे समजावण्यात आणि फॉर्म परत येण्यात कितीतरी वेळ गेला. एवढ्या वेळात लाकूड छान वाळलं असतं!

यातून वाट निघाली ती दोन फॉर्म केल्यावर. पहिल्यावर ‘कच्चं लाकूड’, जे लगेच मिळतं आणि पावती होते. पुढच्या वा त्याच्याही पुढच्या सत्रात दुसरा, फक्त ‘सुतारकाम’. लाकूड डिसेंबरच्या सुट्टीआधी घ्या, म्हणजे पुढचे कोरडे महिने कामी येतात. मार्च ते मे पावसाचे, तेव्हा घेतलेलं लाकूड नुसतं पडून राहतं.

वाळवायला उन्हात ठेवू नका, टोकं तडकतात. कापल्याबरोबर दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावा, पट्ट्यांच्या मध्ये काड्या घालून सावलीत, वारा खेळेल अशा रचा. प्रत्येकीवर क्रमांक टाका आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. लागोपाठ तीन-चार आठवडे वजन हललं नाही, की रंधा हातात घ्यायचा. माझ्या मते या सबंध कामातली ही वही सर्वांत महत्त्वाची. हिशेबवाल्यांनाही शेवटी तीच पटली.

लावताना: खालच्या बाजूने मध्यभागी तासलं की स्वर उतरतो, टोकांकडे तासलं की चढतो. मध्ये थोडं थोडंच काढा, काढलेलं परत चिकटत नाही. पट्टी खोडावर टेकते ती जागा टोकापासून लांबीच्या साधारण 22 टक्क्यांवर हवी. 70 सेंटिमीटरच्या पट्टीला 15-16 सेंटिमीटर. तिथे पट्टी कमीत कमी थरथरते, म्हणून नाद मरत नाही.

फॉर्ममध्ये आणखी एक रकाना होता: पियानोशी जुळतो का? नाही जुळत, आणि जुळवूही नका. इथलं सप्तक जवळपास पाच सारख्या भागांत वाटलेलं, दर पायरी साधारण 240 सेंट (स्वरांतलं अंतर मोजायचं माप, पूर्ण सप्तक 1200 सेंटचं). आपल्या भूपाच्या पाच स्वरांत अंतरं लहान-मोठी असतात, इथे तसं नाही. मोबाइलवरच्या ट्यूनरचा काटा दोन स्वरांच्या मध्येच अडकेल, त्याने घाबरू नका. बुगांडाचा, म्हणजे कंपालाभोवतीच्या राज्याचा, जाणता वादक शेजारी बसवा आणि त्याच्या कानावर सोडा. 1966 मध्ये बुगांडाच्या राजाच्या मेंगोतल्या राजवाड्यावर हल्ला झाला, दरबारी संगीत थांबलं. तरी एव्हारिस्टो मुयिंडांसारखे दरबारी वादक शिकवत राहिले. तो कान पियानोवर पुसून टाकायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

मुलं समोरासमोर बसतात, पट्ट्यांच्या टोकांवर जाड काठ्या मारतात. ‘ओमुनाझी’ पहिली चाल धरतो, ‘ओम्वाउझी’ तिच्या नेमक्या मधल्या जागांत दुसरी घालतो. दोघांचेही दोन्ही हात एकच स्वर दोन सप्तकांत वाजवतात. तिसरा ‘ओमुकोनेझी’ फक्त वरच्या दोन पट्ट्यांवर: खालच्या पहिल्या दोन पट्ट्यांचा स्वर आला, की तो वर उचलायचा. गोंधळ नेहमी दुसऱ्याचा होतो. तो आपला ठोका ‘उशिरा पडणारा’ समजतो आणि पहिल्याच्या अंगावर घसरतो. त्याला स्वतःचा ठोकाच मुख्य मानायला सांगा, पाय त्याच्यावरच टाकू द्या. आधी टाळ्यांवर, मग एकेका हाताने. वेग शेवटी. गाणं मात्र लुगांडा या बुगांडाच्या भाषेतलं आधी तोंडपाठ हवं, चाल त्यातूनच येते.

लाकूड वाळेपर्यंत वर्ग बंद ठेवू नका. टाळ्यांची जुगलबंदी घ्या, आणि वाळक्या भोपळ्यांत बिया भरून ‘एन्सासी’ हे खुळखुळे मुलांकडूनच करवा. भोक छोटं पाडा, आतला गर खरवडून काढा, नाहीतर बिया चिकटतात आणि आवाज दबतो.

केळीची खोडं काही दिवसांत मऊ पडून दबतात, पट्ट्या खाली बसून घुमायच्या थांबतात. नवी खोडं कापून आणा आणि पट्ट्या सरकू नयेत म्हणून त्यांच्या मध्ये खोडात खोचलेल्या काड्या पुन्हा खोचा. याला पावती मिळत नाही, त्यामुळे फॉर्ममध्ये घालू नका.