घरातील फाइल शेअरिंग : सहाव्या आठवड्याची नोंद

मांडणी पूर्वीचीच आहे : तारेने जोडलेला विंडोजचा डेस्कटॉप, सगळ्या फाइलींचा साठा सांभाळणारा आणि सांबा (लिनक्सवरील फोल्डर विंडोजला उघडून देणारा प्रोग्राम) चालवणारा जुना लिनक्स संगणक, आणि वाय-फायवरचा लॅपटॉप. साठ्याचा संगणक कधी दिसतो तर कधी दिसत नाही, आणि दिसला तरी मोठी फाइल अर्ध्यावर अडकते, ही तक्रारही पूर्वीचीच. पहिले तीन आठवडे मी परवानग्यांच्या मागे घालवले. फोल्डरचे मालक बदलले, पासवर्ड पुन्हा घातले, एकदा तर सांबाची कॉन्फिगरेशन फाइल पुसून नव्याने लिहिली; आणि प्रत्येक वेळी पुढचे दोन दिवस सारे सुरळीत चालल्यामुळे इलाज लागू पडला असे वाटत राहिले.

चौथ्या आठवड्यात मी दुरुस्ती थांबवली आणि केवळ नोंदी ठेवू लागलो. अडचण आली की कोणत्याही सेटिंगला हात न लावता तीन प्रश्नांची उत्तरे वेळेसह लिहायची : साठ्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा आकड्यांतला पत्ता) पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ एवढेच विचारणाऱ्या छोट्या संदेशाला, उत्तर देतो का, त्या पत्त्याने शेअर (सामायिक फोल्डर) उघडते का, आणि नाव टाइप केल्यावर उघडते का. डझनभर नोंदी जमल्यावर दिसून आले, की मी ज्याला एक बिघाड समजत होतो ते तीन वेगळे बिघाड होते आणि परवानग्यांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

सर्वांत जास्त नोंदींमध्ये तिन्ही उत्तरे ‘होय’ होती. म्हणजे शेअर उत्तम चालू होते, फक्त विंडोजमधील ‘नेटवर्क’च्या यादीत संगणक दिसत नव्हता. ती जुनी यादी एसएमबीच्या, म्हणजे विंडोज फाइल शेअरिंगसाठी वापरते त्या प्रोटोकॉलच्या, पहिल्या आवृत्तीबरोबर येणाऱ्या ब्राउझिंगवर (शेजारचे संगणक शोधण्याच्या सोयीवर) चालत असे. विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ च्या अखेरीपासून, नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती पहिली आवृत्ती एकतर मुळात बसवली जात नाही, किंवा वापरात नसेल तर आपोआप काढली जाते. आता विंडोज डब्ल्यूएस-डिस्कव्हरीने शेजारी शोधते आणि सांबा ती भाषा स्वतः बोलत नाही. त्यामुळे लिनक्सवर ती भाषा बोलणारी ‘डब्ल्यूएसडीडी’ ही छोटी सेवा बसवली आणि फायरवॉलमध्ये यूडीपी ३७०२ व टीसीपी ५३५७ हे पोर्ट घरच्या नेटवर्कपुरते उघडले. लॅपटॉपवर एवढ्याने भागले नाही, कारण त्याने घरचे वाय-फाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदवले होते आणि अशा नेटवर्कवर विंडोज शेजारी शोधत नाही. ते ‘प्रायव्हेट’ केल्यावर यादी भरली. यावर एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातील ज्या त्रुटीवरून पसरला ती त्याआधीच, मार्च २०१७ मध्ये, बुजवली गेली असली, तरी केवळ एक यादी दिसावी म्हणून इतका जुना दरवाजा उघडणे मला मुळीच पटत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या नोंदी गमतीच्या निघाल्या : पिंगला उत्तर येई, नावाने शेअर उघडे, पण पत्त्याने उघडत नसे. मी डेस्कटॉपवर ड्राइव्ह मॅप करताना (शेअरला ड्राइव्हचे अक्षर देताना) आकड्यांतला पत्ता वापरला होता, आणि राउटरने तो पत्ता मधल्या काळात घरातल्या एका फोनला दिला होता. इतके दिवस पिंगला इमानेइतबारे उत्तर देत होता तो फोन! राउटरमध्ये साठ्याच्या मॅक पत्त्यासाठी (नेटवर्क कार्डाच्या कायमच्या ओळख क्रमांकासाठी) आयपी पत्ता राखून ठेवला आणि ड्राइव्ह नावाने मॅप केला. त्यानंतर या प्रकारची एकही नोंद झालेली नाही.

खरा घाम फोडला तो तिसऱ्याने. फाइल अडकली की काही सेकंद कशालाच उत्तर नसे, आणि मी तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचेतो सगळे पूर्ववत झालेले असे. डेस्कटॉप आणि साठा यांच्यामध्ये आयपर्फ३ हे वेग मोजणारे साधन लावून ठेवल्यावर आकडा कधी सेकंदाला ९४० मेगाबिट, तर कधी थेट ९४ असा आला. अशी नेमकी दहापट घसरण दिसली, की सॉफ्टवेअर सोडून केबलकडे पाहावे : गिगाबिटसाठी केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात, आणि एखादी जोडी कच्ची असेल तर काही नेटवर्क कार्डे खालच्या वेगावर येऊन काम चालू ठेवतात. लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये (यंत्रणेच्या स्वतःच्या नोंदवहीत) लिंक तुटल्याच्या आणि पुन्हा जुळल्याच्या ओळींची रांगच लागली होती, आणि त्यांच्या वेळा माझ्या वहीतल्या वेळांशी तंतोतंत जुळत होत्या. हा लॉग पहिल्याच दिवशी उघडायला हवा होता. दोष मी स्वतः क्रिंप केलेल्या, म्हणजे पकडीने दाबून केबलला बसवलेल्या, कनेक्टरमध्ये होता. टोक कापून नवा बसवला. आता आयपर्फ३ ९४० च्या आसपास स्थिर आहे आणि मोठ्या फाइली सेकंदाला सुमारे ११० मेगाबाइट वेगाने उतरतात.

डेस्कटॉपवरच्या शेअरवर लॅपटॉपमध्ये अधूनमधून दिसणारी लाल फुली मात्र मी बिघाडांतून वगळली आहे. विंडोज १५ मिनिटे निष्क्रिय राहिलेले कनेक्शन आपणहून बंद करते आणि क्लिक करताच ते पुन्हा जुळते. लॅपटॉप झोपेतून उठल्यावर पहिले क्लिक कधीकधी वाया जाते, तेवढ्याच नोंदी सध्या वहीत वाढत आहेत.